चोराने दिलेलं लुगडं

मी बोलायला लागलो की सक्करदऱ्याच्या तलावातली बदकं पोहायची थांबतात, असं विसाव्या वर्षी मी छातीवर हात ठेवून सांगत असे. आज सत्तरीत सांगतो, सगळी थांबत नसत. दोन-चार पोहत राहत. ती बहिरी असावीत.

ही मध्यप्रांताच्या दिवसांतली गोष्ट. नागपूर राजधानी होतं, सीताबर्डीवर गोऱ्या साहेबांच्या मोटारी धूळ उडवत होत्या, आणि जुन्या शहरात गल्लीगल्लीतून हातमागांची खटखट चालू असे. माझे आजोबा त्याच मागांवर बसणारे कोष्टी. ते ख्रिस्ती झाले, त्यांचा मुलगा मिशनच्या शाळेत मास्तर झाला, आणि त्या मास्तरांच्या पोटी मी जन्मलो. मला ना माग चालवता येत होता, ना गणित. एक तोंड तेवढं चालत होतं, आणि ते जन्मापासून आजतागायत एकदाही नादुरुस्त झालेलं नाही.

हे तोंड वाया जाऊ नये म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीने मला सहा महिन्यांच्या उमेदवारीवर उपदेशक नेमलं. सहा महिने गल्लीबोळांत जाऊन शुभवर्तमान सांगायचं. मग पाळकसाहेब स्वतः एक दिवस येऊन ऐकणार आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. आमचे पाळकसाहेब मोठे सज्जन, पण बोलण्यात असा हात आखडता की जणू शब्द त्यांना विलायतेहून बोटीने मागवावे लागत. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "जितकं आहे तितकं सांगायचं. त्यात आपल्या पदरचं घालायचं नाही."

मला वाटलं, ज्यांच्या पदरात काही नसतं त्यांच्यासाठी हा उपदेश असावा. माझा पदर तर भरून वाहत होता.

पहिला महिना मी बाजारात उभा राहिलो. बाजारात उपदेश करण्यात एक मोठी अडचण असते, ती म्हणजे ऐकणाऱ्याला पाय असतात. मी 'बंधूंनो' म्हणेपर्यंत दहा माणसं जमत. 'आणि भगिनींनो' म्हणेपर्यंत त्यांतली आठ वांगी घ्यायला निघून गेलेली असत. उरलेल्या दोघांतला एक झोपलेला असे आणि दुसरा माझ्या सायकलीकडे बघत असे.

मग मला विणकरांची पांजणी सुचली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागावर चढवायच्या आधी ताण्याचे उभे धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर ताणून ठेवतात. त्यांना तांदळाच्या पेजेची खळ लावतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं हातभर लांबीचे कुंचे घेऊन ते धागे विंचरत पुढे-मागे चालतात. खळ वाळेपर्यंत कुंचा थांबवायची सोय नाही. थांबला की धागे एकमेकांना चिकटले, आणि चिकटले की सगळा ताणा गेला. म्हणजे सकाळचे दोन-तीन तास अख्खी गल्ली जागच्या जागी बांधलेली. हात गुंतलेले, पाय गुंतलेले, आणि कान मोकळे! मी मनात म्हटलं, देवाने ही पांजणी खास माझ्यासाठी निर्माण केली आहे. कापड वगैरे त्यातून जाता जाता निघतं.

मी गेलो, एक कुंचा हातात घेतला आणि चालता चालता बोलायला लागलो. पण सुरुवात शुभवर्तमानाने केली नाही. तितका कच्चा मी नव्हतो. आधी वाघ सोडला.

बेसा गावाकडून मी सायकलीवर येत होतो, असं मी सांगितलं, आणि वाटेत वाघ आडवा. पळायला जागा नाही. मी सायकल झाडाला टेकवली आणि त्याला दहा आज्ञा पहिल्यापासून ऐकवायला सुरुवात केली. पाचवीपर्यंत तो नुसता मिशा चाटत होता. सहावी आज्ञा खुनाची. ती ऐकली मात्र, वाघाने मान खाली घातली. आठवी चोरीची. ती ऐकून तो झुडपात गेला आणि कोणाची तरी शेळी तोंडात धरून आणून माझ्यासमोर ठेवली. जिवंत!

"अन् दहावी सांगतली तवा?" पलीकडच्या कुंच्यावरून प्रश्न आला.

"दहावी सांगायची वेळच आली नाही. त्याला हुंदका फुटला."

गल्ली खुश. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतले लोकही कुंचे घेऊन आले. त्यांना पांजणी करायची नव्हती, वाघ ऐकायचा होता. वाघामागोमाग मी शुभवर्तमानातल्या गोष्टी सोडू लागलो, आणि त्यांनाही जरा जरा खळ लावू लागलो. पाच भाकरी आणि दोन मासे यांत सगळ्यांची जेवणं झाली, एवढं काय सांगायचं? मी त्यात वांग्याची भाजी घातली, शेवटी प्रत्येकाला एक एक संत्रं दिलं. लोक मिटक्या मारत ऐकत.

गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर एका म्हाताऱ्या विणकराचं होतं. एके काळी त्याच्या हातची लुगडी इतकी झिरझिरीत की अंगठीतून काढता येत. मी तर म्हणेन, सुईच्या नेढ्यातून काढून परत घडी घालता येत. पण आता दोन वर्षं त्याचे हात थरथरत होते. मागाचा खड्डा, म्हणजे विणकर पाय सोडून बसतो ती जागा, मुलाने सांभाळली, पांजणीला सून उभी राहू लागली, आणि म्हातारा दारात बाजेवर बसून राहू लागला. थरथर दिसू नये म्हणून तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. माझ्या गोष्टींना तो कधी हसला नाही, कधी हूं म्हणाला नाही. मला वाटायचं, याला ऐकू येत नसावं. बदकांसारखं.

एका सकाळी मी वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट काढली. प्रभूच्या शेजारी खिळलेला तो दरोडेखोर. मरता मरता म्हणाला, माझी आठवण असू द्या; आणि प्रभूने त्याला त्याच दिवशी सुखलोकात आपल्याबरोबर घेतलं. मी एवढं सांगून श्वास घेतला, तोच म्हाताऱ्याच्या सुनेने कुंचा न थांबवता तोंड उघडलं. बाई मोठी खमकी. वडिलांवरून गल्ली मलाही मास्तरच म्हणे.

"हे काही बराबर नाई जी मास्तर. आयुष्यभर दरोडे घातले, अन् शेवटी एक शब्द बोलला तं सरळ वरतं? मंग आमी कायले सकाळपासून राबून राहिलो?"

"खरं हाय," गल्ली म्हणाली. "काही तं केलं असन ना त्यानं?"

आता इथे गप्प राहायला हवं होतं. पण समोर तीस-चाळीस माणसं माझ्याकडे बघतायत, आणि गोष्ट त्यांच्या घशात अडकली आहे, हे मला कसं बघवणार? मी म्हटलं, "केलं होतं तर! एकदा एका विधवेच्या अंगावर फाटकं लुगडं बघितलं त्याने, आणि तिला नवं कोरं लुगडं दिलं."

"चोरीचं?" सून म्हणाली.

"छे छे! स्वतःच्या हाताने विणलेलं. दरोडे घालायच्या आधी तो... जातीने कोष्टी होता."

काय सांगू! गल्लीत जो आनंद झाला, तो नागपूरला संत्र्याच्या हंगामातसुद्धा होत नसेल. "आपल्यातला निंगाला!" "म्हणूनच म्हणतो!" लोकांना आता गोष्ट पटली, अगदी तळाशी जाऊन बसली. एवढ्यात बाजेवरून आवाज आला. पाच महिन्यांत म्हातारा पहिल्यांदा बोलला.

"किती हाताचं होतं गा?"

"काय?"

"लुगडं."

"नऊवारी," मी म्हटलं. "तांबड्या काठाचं."

म्हाताऱ्याने मान हलवली. मी सायकलीवरून घरी गेलो तो जमिनीला चाकं टेकत नव्हती. पाळकसाहेबांना इतकी वर्षं जे जमलं नाही ते मी एका लुगड्यात जमवलं होतं.

पाच-सहा दिवसांनी मी सकाळी दारात दात घासत उभा होतो. तीच सून समोरून आली. चाल अशी की आमच्या गल्लीतली कुत्री भुंकायची सोडून बाजूला झाली.

"ओ मास्तर! काय सांगून ठेवलं जी तुमी आमच्या मामाजीले?"

मामाजी म्हणजे तिचा सासरा, बाजेवरचा म्हातारा. "काय झालं?"

"काय झालं म्हणतेत! चार दिसापासून मागावर बसून राहिले. दोन वर्सं झाली माग सोडून, अन् आता उतरले खड्ड्यात. लग्नाच्या लुगड्याचा ताणा होता माह्या घरच्या माणसानं चढवलेला, त्याच्यावरच बसले. धोटा इकडून फेकतेत तं तिकडं जात नाई, मंधातच पडते. धागा तुटते. जोडाले जातेत तं दुसरे दोन तुटतेत. उठा म्हटलं तं ऐकत नाईत. म्हणतेत, चोरानं एक लुगडं दिलं, मी चोरापरीस गेलो का?"

"पण लुगडं विणून देणार कोणाला?"

"कोनी बी इधवा पायजे म्हणतेत! काल शेजारणीले इचारलं, 'काय वं बाई, तू इधवा आहेस का?' तिचा नवरा बाजूले उभा होता जी!"

मला हसू फुटलं. तिला नाही फुटलं. पदराने कपाळ पुसत ती खालच्या आवाजात म्हणाली, "आज रडत होते. एवढा मोठा माणूस. म्हणे, 'चार बोटं बी सरळ होऊन नाई राहिलं. मरायच्या आंधी एक लुगडं होत नाई मायानं, मंग तिथं मले कोन घेईन?' तुमचं सगळे हसून सोडून देतेत मास्तर. मामाजीनं खरं धरलं."

तोंडातली राखुंडी मी गिळली असावी. चव अजून आठवते.

म्हाताऱ्याच्या मनावर हे ओझं मी ठेवलं होतं आणि ते मलाच उतरवायला हवं होतं, इतकं मला कळलं. पण आयुष्यभर ज्या हत्यारावर पोट भरलं तेच माणूस आधी उचलतो. मी सायकल काढली, गल्लीत गेलो. म्हातारा खड्ड्यात बसलेला. समोर मागावर चार बोटं कापड, नांगरलेल्या वावरासारखं. मी मागाशी उकिडवा बसलो आणि म्हटलं, "आजोबा, मी काल पुन्हा वाचून पाहिलं. ते लुगडं नव्हतं हो. लहानसा पंचा होता. तुमचं हे जेवढं झालंय तेवढाच."

म्हाताऱ्याने धोटा खाली ठेवला. डोळे पाण्याने भरलेले होते, पण माझ्याकडे बघितलं ते अगदी कोरडं.

"मागच्या खेपेले नऊवारी म्हणला तू. तांबडे काठ म्हणला."

"ते माझं जरा..."

"वाघ बी असाच का गा?"

मी उठलो. बाहेर येऊन सायकलीवर बसायच्या आधी दोनदा पेडल चुकलं. त्या माणसाने पाच महिने माझा शब्द न् शब्द ऐकला होता. त्यातला खरा कोणता, हे आता त्याला कळत नव्हतं. कळणार तरी कसं? सगळ्यांना मी एकच खळ लावली होती.

थेट पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं ओकलो. विधवा, लुगडं, काठ, जात, पंचा. वाघ तेवढा वगळला. सगळं ऐकून ते उठले, शुभवर्तमान काढलं, ती जागा उघडून माझ्यापुढे ठेवली आणि बोट लावलं. मी वाचलं. चोराची सगळी हकिगत बोटाच्या एका पेराएवढी. त्यात त्याचं नाव नाही, गाव नाही, त्याने कधी कोणाला घोटभर पाणी पाजल्याचंही नाही.

"हे कमी पडलं तुला?" पाळकसाहेब म्हणाले.

"मला नाही. लोकांना पटत नव्हतं."

"पटवायला तुला पाठवलं नव्हतं. सांगायला पाठवलं होतं."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही येऊन सांगा त्यांना. माझ्यावर आता म्हाताऱ्याचा विश्वास नाही."

"लुगडं तू दिलंस," ते म्हणाले, "तूच परत घे. मी उद्या येतो. ऐकायला." आणि दाराशी पोचल्यावर, बोटीने आलेले उरलेसुरले शब्द वापरून टाकावेत तसं म्हणाले, "तुझे सहा महिने उद्याच भरतात."

दुसऱ्या दिवशी पांजणी होती. त्याच घरची. लग्नाचं लुगडं अडलं होतं, म्हणून मुलाने नवा ताणा काढला होता. म्हाताऱ्याला त्याने उचलून बाहेर आणून बाजेवर बसवलं होतं. म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. गल्लीच्या त्या टोकाला पाळकसाहेब काळी छत्री टेकून उभे. मी कुंचा घेतला. आदल्या दिवशी अकरा नमुन्यांची अकरा भाषणं मी मनात रचली होती. एकात तर चोर शेवटी कोष्टी नसून फक्त कोष्ट्यांच्या शेजारी राहणारा निघत होता. बाजेजवळ पोचलो आणि अकराच्या अकरा डोक्यातून उडाली. म्हाताऱ्याने हात मांडीखाली दाबले होते, आणि तरी बाजेची दोरी थरथरत होती.

मी म्हटलं, "आजोबा, त्या चोराने कोणाला लुगडं दिलं नव्हतं. ते मी घातलं होतं पदरचं."

कुंचे चालत राहिले.

"पंचा?" म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला.

"पंचाही नाही."

"अन् कोष्टी?" कोणीतरी विचारलं.

"त्याची जात लिहिलेली नाही."

गल्लीत कुजबुज झाली. मग मागून एक घाबरलेला आवाज आला, "वाघ तं खरा हाय ना जी?"

"वाघही नव्हता."

कोष्टी गेला, लुगडं गेलं, हे लोकांनी सहन केलं होतं. वाघ गेला तसा मात्र हाहाकार झाला. एकाने कपाळाला हात लावला, आणि हाताला खळ होती म्हणून कपाळही पांढरं झालं. "आबा रे! म्या तं सासुरवाडीत सांगतला वाघ!" दुसरा म्हणाला, "शेळी? शेळी बी नाई?" मी म्हटलं, शेळीही नाही. सून म्हणाली, "तवाच म्हटलं मी, जित्ती शेळी कशी सोडन वाघ!" आणि हसत सुटली, तिच्यापाठोपाठ पलीकडची रांग हसली. गल्लीच्या टोकाला छत्री जराशी हलली. पाळकसाहेब हसले की नुसते शिंकले, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

म्हातारा हसला नव्हता.

"मंग त्यानं केलं काय?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच कसं नाई? शेवटी शेवटी काही?"

"करणार काय? हात खिळलेले होते, पाय खिळलेले होते. बोलता येत होतं तेवढं बोलला. आम्हाला केल्याचं फळ मिळतंय, यांनी काही वाईट केलेलं नाही, असं म्हणाला. आणि प्रभूला म्हणाला, माझी आठवण असू द्या."

"अन् त्यानं काय म्हटलं?"

"आज तू माझ्याबरोबर असशील, म्हणाला."

"आज?"

"आज."

"लुगडं न देता?"

"काही न देता. प्रभू स्वतःच त्याच्यासाठी मरत होता, आजोबा. त्याच्यासाठी, तुमच्यासाठी, माझ्यासारख्या थापाड्यासाठी. एवढंच लिहिलंय. माझ्याकडे आता याच्यावर काहीही नाही."

आणि खरोखर नव्हतं. एवढं रिकामं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी तसाच उभा. म्हाताऱ्याने मांडीखालून हात काढले. सगळ्यांच्या देखत समोर धरले आणि बघत बसला. ते पानासारखे हलत होते.

"हे आंधीच काहून नाई सांगतलं गा?"

"वाटलं, कोणाला पटणार नाही."

"पटण्यासारखं नाईच हाय ते," म्हातारा म्हणाला. मग त्याच्या गालाच्या सुरकुत्या हळूहळू वर सरकल्या. "पण तू बनोलं असतं ना, तं पटन असं बनोलं असतं. असं तुह्यानं बनलंच नसतं. कोनाच्यानंच नाई." आणि तो हसला. तोंडात दात दोन, पण हसू बत्तीस दातांचं. "माह्या सुनेलेही नाई पटलं, पाह्य. म्हणजे खरंच असन."

"मामाजी, मले मंधात नका ओढू!" सून म्हणाली, आणि तेवढ्यात ओरडली, "मास्तर! कुंचा! कुंचा चालवा जी, ताणा वाळून राहिला!"

माझ्या हातातला कुंचा कधीचा थांबला होता. माझ्यासमोरचे हातभर धागे एकमेकांना चिकटून खापरीसारखे कडक झाले होते. मग सुनेने, तिच्या नवऱ्याने, शेजाऱ्यांनी पाणी लावून एक एक धागा सोडवला. मला शिव्या देत सोडवला, आणि त्या शिव्यांत वाघाचा उल्लेख वारंवार आला. छत्री भिंतीला टेकवून पाळकसाहेबही पुढे आले आणि बाह्या वर करून धागे सोडवू लागले. त्यांच्या काळ्या कोटाला पुढे चार रविवार तांदळाच्या पेजेचा वास येत होता. म्हातारा बाजेवरून सगळ्यांना सूचना देत होता, हाताने. थरथरत्या हाताने. दाबून ठेवायचं विसरूनच गेला होता.

काम संपल्यावर मी पाळकसाहेबांजवळ गेलो. म्हटलं, "आज तर मी काही बोललोच नाही. घरी जाऊ का?"

"का?" ते म्हणाले. "उद्या पण पांजणी असेल ना?"

मला वाटतं, मध्यप्रांतात इतक्या कमी शब्दांत कोणाचीच नेमणूक झाली नसेल.

म्हाताऱ्याने मागावरचं ते चार बोटं कापड कापून काढलं आणि सुनेला दिलं. ती त्यातून पुढे कितीतरी दिवस खळ गाळत असे. इतकं विरळ कापड विकत मिळत नाही, म्हणायची. त्या वर्षी म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा झाला. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे प्रश्न विचारायला घेतले, तर पहिल्याच प्रश्नाला तो म्हणाला, "मी त्या चोराच्या मागं उभा हाय जी," आणि दुसरा प्रश्न विचारायला कोणाला सुचला नाही. मुलगा आणि सून मंडळीत आली ती पुढच्या वर्षी. आली म्हणजे मिरवत नाही, भांडत भांडत आली. सून तर पाळकसाहेबांशी तीन महिने वाद घालत होती. मला वाटतं, तेवढे शब्द त्यांनी त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून खर्च केले नसतील.

मी सुधारलो का? वाचकहो, वरची बदकं आठवा. स्वभावाला औषध नाही. गल्लीत गेलो की वाघ मागून घेत लोक, खोटा ठाऊक असून मागून घेत, आणि मीही सांगे; शेवटी शेवटी तो वाघ उपासनेला यायला लागला होता. पण शुभवर्तमान उघडलं की म्हातारा बाजेवर सरसावून बसायचा. मी एखाद्या ओळीला नुसतं बोटभर जास्त ताणलं की तो खोकायचा. मोठ्याने, अगदी ठरवून. मी लगेच मागे येऊन ओळ पुन्हा सांगायचो, जितकी होती तितकी.

पुढे गल्लीत रीतच पडली. पांजणीला उशिरा येणारा माणूस कुंचा उचलता उचलता शेजाऱ्याला विचारायचा, "मास्तर काय सांगून राहिला?"

"प्रभूचं."

"बुढा खोकला का?"

"नाई."

"मंग आयकू दे," म्हणायचा, आणि चालू लागायचा.